दोन पाद्री, सहा शिपाई आणि हजार माणसं: कॅलिफोर्नियातली स्पॅनिश मिशनं चालली कशी?

कौलारू

1769 ते 1823 या काळात फ्रान्सिस्कन या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांनी सान दिएगोपासून सोनोमापर्यंत, किनाऱ्याच्या कडेकडेने 21 मिशनं, म्हणजे मूलनिवाशांना ख्रिस्ती करून चर्चभोवती वसवण्याच्या वसाहती, उभी केली. पहिलं 16 जुलै 1769 रोजी हुनिपेरो सेरा यांनी सान दिएगोला, शेवटचं सोनोमाला 1823 मध्ये. प्रत्येक मिशनात साधारण दोन पाद्री आणि पाच-सहा शिपायांचा पहारा. लष्करी ठाणी, म्हणजे प्रेसिदिओ, अख्ख्या किनाऱ्यावर चारच: सान दिएगो, सांता बार्बरा, मोंतेरे आणि सान फ्रान्सिस्को. आणि एकेका मिशनात पाचशेपासून हजार-दीड हजारापर्यंत मूलनिवासी. 1820 च्या सुमारास सगळ्या मिशनांत मिळून ही संख्या 21,000 च्या आसपास होती.

'पाद्र्यांनी शेती शिकवली' असं एक बाजू म्हणते, 'बंदुकीच्या धाकाने बाटवलं' असं दुसरी. पण पाच-सहा बंदुकांनी हजार माणसं पन्नास वर्षं धरून ठेवता येत नाहीत. ही माणसं आत आली का आणि आल्यावर बाहेर का पडू शकली नाहीत, हे नीट समजून घ्यावं म्हणून हा धागा.

माझ्या मते उत्तराचा मोठा भाग कढईत आणि कुलपात आहे. फ्रेंच दर्यावर्दी ला पेरूझ सप्टेंबर 1786 मध्ये मोंतेरेला उतरला आणि जवळचं कार्मेलचं मिशन त्याने पाहिलं. त्याने लिहिलेला दिनक्रम असा: सूर्योदयाला घंटा, मग तासभर प्रार्थना आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना. तोवर अंगणात तीन मोठ्या कढयांत जवाच्या पिठाची पेज शिजते. जव आधी भाजून मग दळलेले असतात. ही आतोले. तिला मीठ नाही, लोणी नाही. प्रत्येक झोपडीतून एक माणूस झाडाच्या सालीचं भांडं घेऊन येतो आणि घरच्यांचा वाटा नेतो. मग काम. दुपारी पुन्हा घंटा आणि पोसोले, म्हणजे गहू, मका, वाटाणे आणि घेवडा एकत्र शिजवलेलं दाट कालवण. पुन्हा काम, संध्याकाळी पुन्हा तासभर प्रार्थना आणि पुन्हा आतोले. हे सगळं पाहून त्याला कॅरिबियनमधल्या सांतो दोमिंगोच्या ऊसमळ्यांवरच्या गुलामांची आठवण झाली, आणि तसं त्याने स्पष्ट लिहून ठेवलं.

एक बारीक तपशील. दळण बायका दगडी पाट्यावर हाताने करत. ला पेरूझचा सहकारी द लांग्ल याने आपल्या जहाजावरची हातचक्की मिशनला भेट दिली. शंभर बायकांचं काम त्यावर चौघी करतील, असा त्यांचा हिशेब होता. दिवसाचा किती वेळ नुसत्या पिठात जात असेल, याचा अंदाज एवढ्यावरून येतो.

सारंगी

कौलारू, कुलपाबद्दल तुम्ही पुढे लिहाल असं वाटलं होतं, म्हणून मीच लिहिते.

मिशनमधल्या मुली साधारण सात-आठ वर्षांच्या झाल्या की रात्री त्यांना आईबापांपासून वेगळं काढून एका खोलीत झोपवत. तिला मोनहेरिओ म्हणत. अविवाहित मुली आणि विधवा सगळ्या त्यातच. दाराला बाहेरून कुलूप. खिडक्या उंच आणि लहान, शौचाची सोय आतच. 1790 च्या दशकात गव्हर्नर बोरिका अशा खोल्यांत स्वतः जाऊन आला आणि तिथे मिनिटभरही उभं राहवत नाही अशी तक्रार त्याने केली. हा माणूस मिशनांचा शत्रू नव्हता, स्पेनच्या राजाचाच अधिकारी होता.

शिपायांपासून मुलींचं रक्षण, हे कारण पाद्री सांगत. कारण खोटं नव्हतं. सान दिएगोच्या लुईस हायमे या पाद्र्याने 1772 मध्ये वरिष्ठांना पत्र लिहून शिपाई गावागावांत बायकांवर बलात्कार करतात हे कळवलं होतं. पण उपाय असा निघाला की शिपाई मोकळे आणि मुली कोंडलेल्या. क्षय, गोवर, विषमज्वरासारखे ताप यांना अशी बंद, दमट, गच्च भरलेली खोली म्हणजे आयतं घर. ज्या वयाच्या मुलींनी पुढची पिढी जन्माला घालायची, त्याच रोज रात्री त्या हवेत. सिफिलिसची त्यात भर. मिशनांत जन्मांपेक्षा मृत्यू कायम जास्त राहिले, त्याच्या मुळाशी ही खोली आहे असं माझं ठाम मत आहे.

शिवाय मुलगी आत कोंडलेली असताना आईबाप पळून कुठे जाणार? शिपाई सहाच का पुरले, त्याचं एक उत्तर हेही आहे.

गवताळ

मला जमिनीबद्दल लिहायचं आहे, कारण 'लोक आत का आले' याचं अर्धं उत्तर मिशनच्या भिंतीबाहेर आहे.

इथले लोक मक्याची शेती करत नव्हते, पण जमीन राखत होते. उन्हाळ्याच्या अखेरीस गवताचं बी झोडून गोळा करायचं आणि मग कुरणाला ठरवून आग लावायची. त्याने झुडपं माजत नाहीत, पुढच्या वर्षी बियांचं गवत दाट येतं, कोवळ्या फुटव्याला हरणं येतात, टोपल्यांसाठी सरळ काड्या मिळतात. दुसरा आधार ओकच्या फळांचा. ती वाळवायची, फोडायची, उखळीत कुटायची, मग त्या पिठावर पुन्हा पुन्हा पाणी ओतून कडवट तुरटपणा काढायचा आणि पाणी न गळणाऱ्या घट्ट विणीच्या टोपलीत तापलेले दगड टाकून ती पेज शिजवायची. तुरटपणा नीट निघाला नाही तर पेज तोंडात धरवत नाही.

यावर दोन गोष्टींनी घाव घातला. पहिली, गुरं. 1832 च्या सुमारास मिशनांकडे दीड लाख गुरं आणि एक लाख पस्तीस हजारांहून जास्त मेंढ्या होत्या, आणि ही मोकाट चरणारी. लोकांच्या बियांच्या कुरणात ती आधी पोचायची. दुसरी, आगीवरची बंदी. 31 मे 1793 रोजी हंगामी गव्हर्नर आरियागा याने सांता बार्बराहून हुकूम काढला की मूलनिवाशांनी, मग ते मिशनमधले असोत की बाहेरचे, रानं जाळायची नाहीत. चराई वाचावी हा हेतू. त्या एका कागदाने शेकडो वर्षांची मशागत गुन्हा ठरली.

तिसरा पाहुणा न बोलावता आला: एरोडियम नावाचं भूमध्यसागरी तण. आपल्याकडच्या कुसळी गवतासारखीच त्याच्या बीला पिळाची शेपटी असते. दमट हवेत पीळ उलगडतो, सुकली की पुन्हा आवळतो, आणि तेवढ्या फिरण्याने बी स्क्रूसारखं जमिनीत शिरतं. मेंढीच्या लोकरीत अडकून मैलोन्मैल जातं ते वेगळंच. सांता बार्बराजवळच्या समुद्रतळाच्या गाळात या तणाचे परागकण 1769 च्या आधीच्या थरांतही सापडले. म्हणजे तण पाद्र्यांच्याही आधी, बहुधा दक्षिणेकडच्या मिशनांकडून पोचलं होतं.

आता 1794-95 चा हिवाळा पाहा. पाऊस नाही, बियांची कुरणं खाल्लेली, जाळायला बंदी. सान फ्रान्सिस्को खाडीभोवतालच्या गावांतले लोक त्या हिवाळ्यात झुंडीने मिशनात येऊन बाप्तिस्मा घेते झाले. बाहेर उपास आणि आत कढई. याला खुशीने केलेलं धर्मांतर म्हणायचं असेल तर भूक हा शब्दही सोबत लिहायला हवा.

दर्यावर्दी

उत्तम चर्चा. दोन प्रश्न आहेत. एक, बाप्तिस्मा घेतलेला माणूस मन बदललं तर परत जाऊ शकत होता का? दोन, आपल्या वसई-गोव्यात पोर्तुगीजांनी केलं ते आणि हे, यांत फरक काय? दोन्हीकडे फ्रान्सिस्कनच होते ना?

कौलारू

दर्यावर्दी, पहिल्याचं उत्तर: नाही. बाप्तिस्मा झाला की तो माणूस नेओफितो, म्हणजे नवख्रिस्ती. तो पाद्र्यांच्या ताब्यात, लहान मुलासारखा. परवानगी घेऊन काही दिवस गावी जाता येई. मुदतीत परतला नाही तर शिपाई आणि मिशनमधलेच मदतनीस पाठवून पकडून आणत. मग फटके, खोडा किंवा बेड्या. एका वेळी फटक्यांची मर्यादा 25 अशी सांगितली जाई. 1780 मध्ये सेरा यांनी गव्हर्नर नेवे यांना लिहिलेल्या पत्रात फटक्यांचं समर्थन केलं आहे: आध्यात्मिक बापाने लेकरांना शिक्षा करणं ही अमेरिकेतल्या विजयाइतकीच जुनी रीत आहे, असा त्यांचा युक्तिवाद.

पण सगळी मिशनं एका साच्यातली नव्हती. सान दिएगोला पिकाऊ जमीन इतकी थोडी की सगळ्यांना पोसणं अशक्य. तिथे बहुतेक लोक आपापल्या गावातच राहत आणि पाळीपाळीने मिशनात येत. सान लुईस रेलाही बरीच गावं जागच्या जागी राहिली. त्या भागातल्या लोकांची जमिनीशी नाळ पुढेही जास्त टिकलेली दिसते, तिचं मूळ इथे असावं.

मोडीवाचक

पळून का जात, याचा कागद उपलब्ध आहे आणि तो वाचल्यावर विसरता येत नाही. 1795 मध्ये सान फ्रान्सिस्को मिशनातून दोनशे ऐंशीहून जास्त लोक पळाले. पकडून आणलेल्यांना 1797 मध्ये प्रेसिदिओच्या अधिकाऱ्यासमोर उभं करून एकेकाला 'का पळालास' असं विचारलं आणि उत्तरं लिहून घेतली. तिबुर्सिओ नावाच्या माणसाने सांगितलं की बायको आणि मुलगी वारल्यावर तो रडत होता म्हणून पाद्र्याने पाच वेळा त्याला फटके मारवले. लिबोरातोने सांगितलं की आई, दोन भाऊ आणि तीन भाचे-पुतणे सगळे भुकेने गेले, आपणही तसंच मरू नये म्हणून तो पळाला. बाकीची उत्तरंही याच धर्तीची: भूक, मार, घरातलं मरण.

आणि हे काही शत्रूने लिहिलेलं नाही. स्पॅनिश लष्करी कचेरीचा तो कागद आहे. पुढच्याच वर्षी, 1798 मध्ये, सान मिगेल मिशनच्या आंतोनियो दे ला कोन्सेप्सिओन ओर्रा या पाद्र्याने मूलनिवाशांशी होणाऱ्या क्रूर वागणुकीची तक्रार थेट व्हाइसरॉयकडे केली. त्याआधीच त्याला वेडा ठरवून मेक्सिकोला परत धाडलं होतं. त्याच्या आरोपांना मिशनांचे प्रमुख लासुएन यांनी 1801 मध्ये लांबलचक उत्तर दिलं. त्या काळच्या वागणुकीला आजच्या मापाने मोजू नका असं जे म्हणतात, त्यांना मी ओर्राचं नाव सांगतो. तेव्हाही पाहणाऱ्याला दिसत होतं.

सारंगी

दर्यावर्दी, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. मोठा फरक वस्तीचा. गोव्यात देवळं पाडली, त्यांच्या जमिनी चर्चकडे गेल्या, 1684 मध्ये कोंकणीवर बंदीचा हुकूमही निघाला. पण गाव जागेवर राहिलं आणि गावकरी ही जमिनीची सामायिक व्यवस्थाही राहिली. कॅलिफोर्नियात स्पॅनिश धोरणच माणसं गोळा करून एका जागी वसवण्याचं होतं. गाव उठलं की ओढा, उखळीचा खडक, पूर्वजांची दफनभूमी सगळंच सुटतं. दुसरा फरक रोगांचा. कोकणपट्टी हजारो वर्षं सगळ्या जगाशी व्यापार करत होती. गोवर-देवी इथे जुन्याच. तिकडे त्या नव्या होत्या.

धागा मात्र एक खरा जुळतो. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया मनिलात स्पॅनिश फ्रान्सिस्कनांमध्ये सामील झाले आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला क्रुसावर मारले गेले. त्यांच्यासोबत त्याच दिवशी मारले गेलेले फेलिपे दे हेसूस मेक्सिकोचे. वसईचा आणि मेक्सिकोचा संत एकाच टेकडीवर, एकाच संघाचे. स्पॅनिश फ्रान्सिस्कनांचं जाळं मेक्सिको ते मनिला किती पसरलं होतं ते यावरून कळतं. कॅलिफोर्नियाचे पाद्रीही मेक्सिको शहरातल्या सान फर्नांदो या फ्रान्सिस्कन विद्यालयातूनच येत.

दर्यावर्दी

सारंगी, ही जोडी माहीत नव्हती. आभार. एवढ्या जाचाविरुद्ध कोणी उठलं नाही?

मोडीवाचक

उठले की! अगदी सुरुवातीपासून. 4-5 नोव्हेंबर 1775 च्या रात्री अनेक गावांतल्या शेकडो कुमेयाय लोकांनी, म्हणजे त्या भागातल्या मूलनिवाशांनी, सान दिएगो मिशन जाळलं. सारंगींनी उल्लेख केलेले लुईस हायमे त्यातच मारले गेले, म्हणजे ज्याने शिपायांविरुद्ध लिहिलं तोच. मिशन वर्षभरापूर्वीच प्रेसिदिओपासून दूर नेलेलं होतं, त्यामुळे मदत वेळेत आली नाही.

1785 मध्ये सान गाब्रिएलचा कट आधीच फुटला. त्यात तोय्पुरिना या तरुण स्त्रीचं नाव फार गाजतं आणि तिच्या तोंडी जोरदार भाषणंही फिरतात. ती बरीचशी नंतरच्या लेखकांनी रंगवलेली आहेत. चौकशीच्या मूळ कागदांत कटाचा सूत्रधार म्हणून निकोलास होसे हा मिशनमधलाच माणूस पुढे येतो, आणि पारंपरिक नाचांवर घातलेली बंदी हे त्याचं कारण.

सगळ्यांत मोठा उठाव 1824 चा, सांता बार्बराच्या आसपासच्या चुमाश लोकांचा. त्याआधीची परिस्थिती कळली तरच तो कळतो. 1810 ला मेक्सिकोत स्वातंत्र्ययुद्ध पेटलं आणि किनाऱ्यावर येणारी रसदीची जहाजं थांबली. शिपायांचे पगार बंद. मग ठाण्यांचं धान्य, कापड, जोडे, साबण, सगळा भार मिशनांवर, म्हणजे मूलनिवाशांच्या हातांवर. 21 फेब्रुवारी 1824 रोजी सांता इनेसला एका चुमाश माणसाला शिपायाने फटके मारले आणि भडका उडाला. जवळचं ला पुरिसिमा मिशन त्यांनी जवळजवळ महिनाभर ताब्यात ठेवलं, तटाला बंदुकांसाठी छिद्रं पाडली. 16 मार्चला शंभरावर शिपाई तोफेसह आले. 16 चुमाश पडले, पुढे सात जणांना मृत्युदंड झाला. सांता बार्बराचे लोक आतल्या दलदली प्रदेशात निघून गेले आणि त्यांतले बरेचसे माफीच्या वचनावर जूनमध्ये परतले.

कौलारू

उठावांचा एक परिणाम आजही डोळ्यांना दिसतो: लाल कौलं. सुरुवातीची छपरं गवताची होती. 1776 मध्ये सान लुईस ओबिस्पोला पेटते बाण मारून ती जाळली. त्यानंतर कौलं भाजायला सुरुवात झाली आणि काही वर्षांत ती सगळीकडे गेली.

भिंती मात्र कच्च्या विटांच्या. चिकणमाती, वाळू, कापलेलं काड, शेण आणि पाणी पायांनी तुडवून साच्यात भरायचं. वीट साधारण 56 सेंमी लांब, 28 रुंद, 10 जाड. सुकल्यावर वजन 25 किलोच्या आसपास. चिकणमाती जास्त झाली तर सुकताना भेगा पडतात, वाळू जास्त झाली तर कोपरे झडतात. पण खरा शत्रू पाणी. म्हणून वरून चुन्याचा गिलावा आणि कौलांची रुंद पागोळी. पुढे मिशनं मोडली तेव्हा लोकांनी आधी कौलं आणि तुळया काढून नेल्या. छप्पर गेल्यावर काही पावसाळ्यांत मीटरभर जाडीच्या भिंतींचा चिखल झाला. आज दिसणारी बरीच मिशनं विसाव्या शतकात पुन्हा बांधलेली आहेत.

गवताळ

त्या विटांतल्या काडाबद्दल एक भर घालतो. 1920 च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञांनी जुन्या मिशनांच्या विटा पाण्यात विरघळवून आतलं बी वेगळं केलं. गहू-जवाबरोबर परदेशी तणांचं बीही निघालं. इमारतीचं वर्ष माहीत असल्याने कुठलं तण केव्हापर्यंत पोचलं होतं याची नोंद आपोआप तयार झाली.

दर्यावर्दी

मिशनं मोडली म्हणजे नेमकं काय झालं? जमीन मूळ लोकांना परत मिळाली का?

सारंगी

कागदावर मिळणार होती. तोवर कॅलिफोर्निया स्पेनकडून स्वतंत्र मेक्सिकोकडे आला होता. 17 ऑगस्ट 1833 चा मेक्सिकन कायदा आणि त्यावर 9 ऑगस्ट 1834 चा गव्हर्नर फिगेरोआ यांचा हुकूम. प्रत्येक कुटुंबप्रमुखाला बाजूला 100 ते 400 वारा मापाचा चौकोन. वारा म्हणजे साधारण 84 सेंमी, म्हणजे पाऊण हेक्टरपासून अकरा हेक्टरपर्यंत. निम्मी जनावरं, निम्मी अवजारं आणि बी-बियाणं वाटून द्यायचं. जमीन विकायला बंदी.

बिघडलं ते अंमलबजावणीत. वाटप ज्या प्रशासकांच्या हाती, तेच आणि त्यांचे नातलग जमिनीवर डोळा ठेवून होते. 1822 पासून कातडी आणि चरबीचा व्यापार परदेशी जहाजांना खुला झाला होता, त्यामुळे चराईच्या जमिनीला भाव आला होता. मिशनांचे कळप घाईने कापून कातडी विकली गेली. जमिनी शेकडो रांचोंत, म्हणजे गुरं पाळण्याच्या मोठ्या खाजगी जमिनींत, गेल्या आणि ज्यांना वारस म्हटलं होतं ते त्याच रांचोंवर गुरं राखायला लागले. थोड्या कुटुंबांना तुकडे मिळाले, त्यांतलेही पुढे कर्जात आणि कज्ज्यात गेले.

नंतर अमेरिकन राजवट आली, ती जास्त क्रूर. 1846 च्या सुमाराला कॅलिफोर्नियाभर दीड लाख मूलनिवासी उरले होते, 1870 पर्यंत तीस हजारांच्या आसपास. सगळं खापर मिशनांवर फोडणाऱ्यांनी हा आकडाही पाहावा. मिशनांनी किनारपट्टी पोखरून ठेवली होती, बंदुका आणि सोन्याची हाव त्यानंतर आली.

मोडीवाचक

आता माझा आवडता भाग, नोंदवह्या. पाद्री प्रत्येक बाप्तिस्मा, लग्न आणि दफन लिहून ठेवत. 1769 ते 1850 पर्यंतच्या सुमारे 1,01,000 बाप्तिस्म्यांच्या, 28,000 लग्नांच्या आणि 71,000 दफनांच्या नोंदी आता संगणकावर शोधता येतात. यात स्पॅनिश-मेक्सिकन कुटुंबंही आहेत. कार्मेलच्या वह्यांवरून हिशेब केला तर तिथे जन्मलेल्या दर तीन बाळांतलं एकाहून जास्त वर्षाच्या आत गेलं. 1806 च्या गोवराने खाडीभागातल्या मिशनांतला जवळजवळ चौथा हिस्सा काही महिन्यांत नेला, तो याच वह्यांत दिवसवार दिसतो: पानंच्या पानं दफनं.

त्र्यंबकच्या उपाध्यायांच्या वह्या किंवा मोडी दफ्तरं ज्यांनी चाळली आहेत त्यांना पद्धत ओळखीची वाटेल. आधी बाप्तिस्म्याचा क्रमांक धरायचा. तोच क्रमांक अनेकदा दफनाच्या नोंदीतही लिहिलेला असतो, त्यामुळे माणूस एका वहीतून दुसऱ्या वहीत सापडतो. नोंदीत स्पॅनिश नाव, बऱ्याचदा मूळ नाव, गाव, अंदाजे वय, आईबाप आणि धर्मपिता. नावावरून शोधू नका, एकाच मिशनात डझनभर मारिया असतात. गावाचं नाव पाद्र्याने कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं, म्हणून एकाच गावाची तीन-चार स्पेलिंगं धरून चालायचं. प्रौढांची वयं 30, 40, 50 अशी गोळाबेरीज, त्यांवर जन्मसाल काढू नये.

वह्यांत मोठी भोकंही आहेत. सान दिएगोच्या पहिल्या वह्या 1775 च्या आगीत गेल्या आणि नंतर आठवणीतून पुन्हा लिहिल्या. सान लुईस रेच्या जुन्या वह्या हरवलेल्याच आहेत. नेमकं त्याच मिशनात 1822 मध्ये जन्मलेल्या पाब्लो ताक या लुइसेन्यो (सान लुईस रे भागातल्या मूलनिवासी) मुलाने रोममध्ये शिकत असताना आपल्या लोकांची हकिगत आणि भाषेचं व्याकरण लिहिलं. 1841 मध्ये तो तिथेच वारला, विशीतही नीट न शिरलेला. मिशनमध्ये वाढलेल्या मूलनिवाशाने स्वतःच्या हाताने लिहिलेलं असं लेखन जवळजवळ एवढंच.

दर्यावर्दी

या वह्या आज कोण वापरतं? फक्त अभ्यासक?

मोडीवाचक

सर्वांत जास्त गरज वंशजांना आहे. ओलोनी, तोंग्वा, आहाचेमेन अशा मिशनपट्ट्यातल्या बऱ्याच समाजांना अमेरिकेच्या केंद्र सरकारची मान्यता आजही नाही. मान्यतेसाठी सलग वंशावळ दाखवावी लागते आणि ती या वह्यांतून जोडली जाते. ज्या गावातून माणसं उठवली त्या गावाचं नाव बऱ्याचदा याच एका ओळीत उरलेलं असतं.

भाषेचंही तसंच. सान हुआन बाउतिस्ताचे पाद्री फेलिपे आरोयो दे ला क्वेस्ता यांनी मुत्सुन भाषेचे शब्द आणि वाक्यं लिहून ठेवली. ती अस्खलित बोलणाऱ्या शेवटच्या आस्सेन्सिओन सोलोर्सानो 1930 मध्ये वारल्या. त्यांच्या अखेरच्या महिन्यांत एक भाषाशास्त्रज्ञ उशाशी बसून उतरवून घेत होता. मुत्सुन वंशज आज या दोन्ही दप्तरांवरून भाषा पुन्हा शिकत आहेत. पाद्र्याच्या कानाने चुकवलेले उच्चार सोलोर्सानो यांच्या नोंदींवरून दुरुस्त करावे लागतात. ते काम शब्द-शब्द करून चालू आहे.